‘कोणावर गेलंय?’ एवढ्याने निदान होत नाही

संपादक महोदय,

मूल हट्टी, चिडके निघाले की ‘बापावर गेलंय’ आणि ‘लाडाने बिघडलंय’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात ऐकू येतात. दोन्हींत थोडे तथ्य असते. घोळ होतो तो टक्केवारीत.

अतिचंचलतेची, म्हणजे एडीएचडीची, आनुवंशिकता ७० ते ८० टक्के आहे असे वाचले की पालकांना वाटते, आपल्या हातात उरले फक्त पाव. हा आकडा एका मुलाचा नसतोच. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात, तर वेगळ्या जुळ्यांत वेगळेपणाला कारण ठरू शकणारी जनुके सरासरी निम्मीच सारखी असतात. पहिल्या जोड्यांत साम्य किती जास्त दिसते, यावरून समूहातल्या मुलामुलांमधल्या फरकात जनुकांचा वाटा किती, याचा हा हिशेब मांडतात. त्यातही एक मेख आहे. उपजत किरकिऱ्या बाळाला घरात जास्त ओरडा खावा लागतो आणि त्या ओरड्याने ते आणखी बिथरते. हा ओरडाही या हिशेबात जनुकांच्याच खात्यावर पडतो!

शिवाय आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार जनुकातल्या दोषामुळेच होतो. तरीही जन्मानंतर लगेच फिनाइलअ‍ॅलनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असलेला आहार सुरू केला, तर मेंदूची गंभीर हानी टळते.

आता घरातला प्रसंग पाहा. आई तीनदा सांगते, ‘दात घास.’ मूल किंचाळते. चौथ्यांदा ती म्हणते, ‘जाऊ दे.’ किंचाळणे थांबते, दोघेही सुटतात आणि दोघेही नेमके चुकीचे शिकतात. हे चक्र तोडायचे तर लांबून हाका मारू नका. जवळ जा, एका वाक्यात एकच सूचना द्या आणि पाचेक सेकंद गप्प राहा. मुलाने ऐकले की लगेच कौतुक करा, पण ‘शहाणा माझा’ असे मोघम नको. ‘सांगितल्याबरोबर ब्रश घेतलास’ असे नेमके हवे. किंचाळण्याकडे दुर्लक्ष सुरू केले की सुरुवातीला ते वाढते. बहुतेक घरे इथेच माघार घेतात आणि मूल शिकते की आणखी जोरात किंचाळायचे. नेटाने टिकणार नसेल तर हा उपाय सुरूच करू नये.

भित्र्या मुलाचे उलट असते. त्याला भीतीच्या गोष्टीपासून वाचवत राहिले की भीती पक्की होते. तिथे लहान लहान पायऱ्या लागतात. पालकच काळजीखोर असेल, तर मुलाला स्वभाव आणि वातावरण दोन्ही त्याच्याकडूनच मिळते. तसेच, अतिचंचल मुलाच्या पालकालाही तोच त्रास असेल, तर ‘वेळापत्रक पाळा’ हा सल्ला फुकट जातो. आधी पालकाची तपासणी हवी.

वागणुकीसाठी ‘जनुक चाचणी’ सरसकट करून घेण्यात अर्थ नाही. असंख्य जनुकांचा प्रत्येकी किंचितसा वाटा असतो. मात्र सोबत झटके येत असतील किंवा वाढ मागे पडत असेल, तर डॉक्टर सुचवतील ती चाचणी करावी. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसणारी असावी लागतात. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तपासणीच्या अर्जावर ‘कुटुंबात कोणाला असा त्रास होता का?’ हा रकाना बहुधा असतो. त्याच्या शेजारी दुसरा हवा : ‘मूल चिडल्यावर पुढच्या मिनिटात घरात कोण काय करते?’

– एक बालमानसोपचारतज्ज्ञ