पोलिसांचाच प्रस्ताव, पोलिसांचाच निवाडा

महोदय,

गणेशोत्सव किंवा निवडणूक तोंडावर आली की ‘चॅप्टर केस’च्या, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी (बंधपत्र) आगाऊ घेण्याच्या प्रतिबंधक कारवाईच्या, नोटिसा सुटू लागतात. नोटीस छापील असते. मोकळ्या जागेत नाव, पत्ता आणि बंधपत्राची रक्कम हाताने भरलेली असते, आणि त्या व्यक्तीकडून सार्वजनिक शांततेस नेमकी कशी बाधा येणार, हे मात्र तिच्यात बहुधा नसते. कायद्याप्रमाणे मिळालेल्या माहितीचा गोषवारा लेखी आदेशात देणे बंधनकारक आहे.

ही प्रकरणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. जिल्ह्यांत ते काम प्रांत व तहसीलदार करतात. हे महसुली अधिकारी न्यायाधीश नसले तरी निदान पोलीस खात्याबाहेरचे असतात. मुंबईत मात्र सहायक पोलीस आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून वर्षानुवर्षे अशा सुनावण्या घेत आले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांच्या या अधिकाराला थेट कलमातच जागा दिली. कलम १५ प्रमाणे राज्य सरकार आता पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या, अथवा त्याहून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमू शकते; १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तत्सम कलम २१ मध्ये पोलिसांचा उल्लेख नव्हता. ठाणे अंमलदाराने प्रस्ताव पाठवायचा आणि त्याच्याच वरिष्ठाने तो तपासून नागरिकाकडून वर्षभरापर्यंतचे बंधपत्र घ्यायचे, जामीनदार न मिळाल्यास त्याला तुरुंगात धाडायचे, याला चौकशी म्हणणे कठीण आहे.

मूळचे पुण्याचे आणि मुंगेरचे खासदार असलेले मधु लिमये यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच बजावले होते, की माहितीच्या खरेखोटेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला अंतरिम (चौकशी पूर्ण होईपर्यंतचे) बंधपत्र मागता येत नाही. प्रत्यक्षात पहिल्याच तारखेला बंधपत्र पुढे केले जाते, आणि रोजंदारी बुडवून आलेला माणूस ‘सही करा आणि सुटा’ या सल्ल्याला मान डोलावतो. एरवी चौकशी सहा महिन्यांत पूर्ण न झाल्यास, विशेष कारणे नोंदवून मुदत वाढवली नसेल तर, कारवाई आपोआप संपुष्टात येते, हे त्याला कोण सांगणार?

कलम १५ राज्य सरकारला अधिकार देते, सक्ती करत नाही. तेव्हा गृह विभागाने पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीतही ही प्रकरणे महसुली अधिकाऱ्यांकडे सोपवावीत. मनुष्यबळ अपुरे असल्यास त्यासाठी स्वतंत्र उपविभागीय दंडाधिकारी नेमावेत. तोवर प्रत्येक नोटिशीसोबत पोलीस अहवालाची प्रत मराठीत देण्याचे परिपत्रक काढावे. त्याला कायदादुरुस्तीची गरज नाही.

– एक वकील, ठाणे