मातीचे नमुने व हिशेबाची वही : सभासदांसाठी सूचना

पिट्सबरो येथील सेंट्रल कॅरोलायना कम्युनिटी कॉलेजात शाश्वत शेतीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपापल्या वाफ्यांतील मातीचे नमुने नोव्हेंबर संपण्यापूर्वी नॉर्थ कॅरोलायनाच्या कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत पोहोचतील अशा बेताने पाठवावेत, कारण एरवी विनामूल्य होणाऱ्या या तपासणीस डिसेंबर ते मार्च या गर्दीच्या काळात प्रत्येक नमुन्यामागे ४ डॉलर शुल्क पडते. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होणारी, असताना, ६ ते ८ इंच खोलीपर्यंतची, अनेक ठिकाणांहून घेऊन प्लास्टिकच्याच बादलीत कालवावी. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीमुळे अहवालात जस्त वाढून दिसते. शेती व्यवस्थापनाच्या वहीत बियाण्याचा खर्च सगळेच लिहितात, स्वतःच्या श्रमाचे तास मात्र हमखास राहतात. तेही पीकनिहाय नोंदवावेत.

– कार्यवाह