एका बसपायी

कोलंबिया, साउथ कॅरोलायना

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ईशान शाळेत कसा जातो, असं विचारलं होतंस. कोपऱ्यावर पिवळी बस येते, तीत चढतो. एवढंच उत्तर होतं. पण मागच्या रविवारी आम्ही समर्टनला जाऊन आलो आणि त्या बसकडे पूर्वीसारखं बघता येईना.

समर्टन इथून तासाभरावर, क्लॅरेंडन काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. लहानसं गाव, बाहेर पडलं की शेतंच. १९४७ साली या काउंटीत गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नाही, आणि ती तर गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. काही पोरं जायला नऊ मैल आणि यायला नऊ मैल चालायची. आईबापांनी पैसे गोळा करून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडायची. निदान तेलाचे पैसे द्या म्हणून गेले, तर तेही नाही मिळाले.

मग लेव्ही पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने दावा लावला. त्याची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर येते, म्हणून दावा करायचा हक्क नाही, या कारणावर तो १९४८ मध्ये फेटाळला गेला. पण त्याआधीच बँकेने त्याचं कर्ज बंद केलं होतं. सुगीला मळणीयंत्र द्यायला एकही गोरा शेतकरी तयार होईना. हातातोंडाशी आलेला ओट, गहू, घेवडा त्याच्या डोळ्यांसमोर शेतात कुजला. सुमे, आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात.

तरीही १९४९ च्या नोव्हेंबरात शंभरावर नावांचा अर्ज गेला. या वेळी नुसती बस नाही, सगळंच गोऱ्यांच्या बरोबरीचं मागितलं. त्या वर्षी काउंटी गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च करत होती, काळ्यामागे ४३. पाद्री जोसेफ डिलेन यांनी लोकांना उभं केलं होतं. यादीत पहिलं नाव हॅरी ब्रिग्जचं. नौदलातून आलेला, पेट्रोलपंपावर कामाला, पाच मुलांचा बाप. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्याच्या हातात सिगारेटचं खोकं ठेवलं आणि कामावरून काढलं. बायको लायझा मोटेलात साफसफाई करायची. नाव काढून घे म्हणाले. तिने काढलं नाही, तिचीही नोकरी गेली. हॅरी कामासाठी फ्लॉरिडाला गेला आणि तिथून घरी पैसे पाठवत राहिला.

त्या अर्जातून पुढे दावा उभा राहिला. १९५१ मध्ये तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. तिसरे, एकटे वेअरिंग म्हणाले की मुलांना रंगावरून वेगळ्या शाळांत ठेवणं हीच विषमता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, इतर दाव्यांबरोबर जोडलं गेलं, आणि १७ मे १९५४ ला निकाल लागला की काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेविरुद्ध आहे. जग तो ‘ब्राउन’ नावाने ओळखतं. ब्रिग्जचं नाव मागेच राहिलं. पुढच्याच वर्षी डिलेन यांचं चर्च जाळलं, त्यांना राज्य सोडून पळावं लागलं. आणि ज्या हॅरीच्या मुलासाठी सही झाली होती, त्याला तिथे गोऱ्या मुलांच्या शेजारी कधी बसायलाच मिळालं नाही. समर्टनमधल्या गोऱ्यांच्या शाळा काळ्या मुलांना उघडायला १९६५ उजाडलं, आणि गोऱ्यांनी आपली मुलं खाजगी शाळेत नेली.

माझ्या मनातून जात नाही ते हेच. माझ्या डिप्लोमासाठी बाबांनी बैलजोडी विकली, तुला आठवतं ना? ते मलाच मिळालं. हॅरी आणि लायझाने जे घालवलं ते त्यांच्या घरात आलंच नाही. ते कुठे पोचलं? माझ्या सावळ्या ईशानपर्यंत. त्याला बसमध्ये चढताना रंग कुणी विचारत नाही. सोमवारी दार उघडलं, चालक काकूंनी त्याला हाक मारली, तो वर गेला, आणि मला रस्त्यातच रडू आलं. लायझाबाईंचं हे देणं मी कसं फेडू गं?

येताना गाडीत पिअर्सनचं कुजलेलं पीकच डोळ्यांसमोर येत होतं. तेव्हा सुचलं की बाबांनी बैल विकले, त्या साली आपल्या रानात नांगर चाललाच होता, ज्वारीही आली होती. मी बाबांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत. तू दिवाळीला गावी जाशील तेव्हा आईजवळ बस आणि तिला विचार, त्या साली आपल्याला बैल कुणी दिले. नाव नीट लिहून घे. त्यांच्या घरी आता कोण आहे तेही कळव.

तुझीच,
मंदा