राणीच्या बागेतल्या संग्रहालयाच्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वर्ग घेऊन कसे यावे, हे तुम्ही आम्हा शिक्षकांना शिकवलेत. त्याचे आभार मानायला हे जाहीर पत्र. तुमचे नाव छापलेले तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. तुम्ही सांगितलेले मात्र तपशिलाने लिहितो, म्हणजे दुसऱ्या शाळांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी अगदी साध्या गोष्टी. टॅक्सीवाल्याला नुसते 'म्युझियम' म्हटले की तो काळा घोड्याकडे गाडी वळवतो, कारण मुंबईकरांच्या तोंडी तो शब्द 1922 साली उघडलेल्या फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला चिकटला आहे. आपले 1872 चे, त्याच्याहून 50 वर्षांनी वडील. पण पत्ता विचारायचा तो 'राणीच्या बागे'चाच. लोकलने आलात तर भायखळ्याला पूर्वेला उतरायचे. बुधवारी संग्रहालयही बंद आणि बागही बंद. सहलीची तारीख ठरवताना हा वार हमखास विसरला जातो. आणि बागेतल्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन नंतर. आधी प्राणी पाहिले की मुलांचे पाय दुखतात, घसे बसतात, आणि मग आत मातीच्या बाहुल्यांसमोर कुणी थांबत नाही. हा क्रम उलटा करायला तुम्ही सांगितलात, तेव्हापासून आमची निम्मी दमछाक वाचली.

तुमची पहिली शिकवण म्हणजे दारातून थेट आत शिरायचे नाही. आधी बाहेरच्या दगडी हत्तीपाशी जायचे. पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव दिले ते या हत्तीवरून. 1814 मध्ये त्याची मान आणि डोके निखळले, पुढे बाकीचाही ढासळला. 1864 मध्ये तुकडे या बागेत आले आणि 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. मुलांना 'हत्ती बघा' म्हटले तर ती दहा सेकंद बघतात. 'सांधे शोधा' म्हटले की गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून शोधतात, आणि एखादी वस्तू मोडते, हलते, पुन्हा जुळते हे त्यांना आपोआप कळते. ऊन तापण्याआधी, अकराच्या आत हे उरकावे.

मग तिथून राणीच्या पुतळ्याकडे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला व्हिक्टोरियाचा हा संगमरवरी पुतळा पूर्वी फोर्टात होता. 1896 मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासले, हे आपण वर्गात शिकवतो. पण पुढची गोष्ट तुमच्याकडून कळली, आणि ती विज्ञानाच्या तासालाही चालते: संगमरवराला बारीक छिद्रे असतात, डांबर त्यात मुरते, घासून निघत नाही. ते डाग काढले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. आत दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या दालनात प्रिन्स अल्बर्ट उभा आहे, तोही नोबलचाच, डेव्हिड ससून यांनी दिलेला. एकाच शिल्पकाराचे हे नवरा-बायको, एक उन्हापावसात आणि एक सोनेरी छताखाली. दोन्ही संगमरवरांवर बोट न लावता नुसत्या नजरेने फरक टिपायला सांगा, असे तुम्ही म्हणालात. हवामान दगडाचे काय करते हे याहून चांगले कुठे दिसेल?

आत गेल्यावर दारातच पाच मिनिटे थांबायचे. कपाटांकडे जायचे नाही, आधी वर बघायचे, मग खाली. वर ओतीव लोखंडाचे खांब, कठडे, सोन्याचा वर्ख, रंगवलेली नक्षी. खाली इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरश्या. या फरशीतली नक्षी वरून रंगवलेली नसते; वेगवेगळ्या रंगांची माती साच्यात भरून भाजलेली असते, म्हणून इतकी वर्षे पाय घासूनही ती पुसली गेली नाही. वर्खाचे मात्र उलटे. तो इतका पातळ असतो की घामट हात चार वेळा फिरला तरी उडतो. 'हात लावू नका' असे ओरडण्याऐवजी हे कारण सांगितले, तर मुले स्वतःच एकमेकांचे हात धरतात.

या इमारतीची कथाही तुम्ही नेमक्या जागी सांगता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले, त्यांच्या जोडीच्या वस्तू मुंबईत ठेवून 'सेंट्रल म्युझियम' निघाले. म्हणजे मुळात हे व्यापाराचे दुकान: इथे काय पिकते, काय बनते, काय विकत घेता येईल. 1857 च्या धामधुमीत, हा संग्रह होता त्या फोर्टातल्या बराकी लष्कराला हव्या झाल्या आणि संग्रह बाहेर निघाला. मग जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी जमवायला घेतली. 19 नोव्हेंबर 1862 ला पायाभरणी झाली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच 1865 मध्ये कापसाचा फुगा फुटला, शेअर कोसळले, देणगीदार बुडाले आणि काम रखडले. ते सरकारने पुढे नेले आणि 2 मे 1872 ला दारे उघडली. भाऊ दाजी त्यानंतर जेमतेम दोन वर्षे जगले. त्यांचे नाव संग्रहालयाला मिळाले ते 1975 मध्ये. कोणत्या नावाखाली कोणाच्या पैशाने काय उभे राहिले, हा प्रश्न मुलांच्या हाती देऊन तुम्ही गप्प राहता. तुमचे ते गप्प राहणे आम्हाला फार शिकवून गेले.

यानंतर सरळ वरचा मजला. खालच्या कपाटांतले बिदरी, चांदी, हस्तिदंत, जे. जे. कला महाविद्यालयातली कुंभारकामाची भांडी शेवटी, कारण तिथे मोठी माणसे रमतात, मुले नाही. वर मुंबईच्या बेटांचा उठावाचा नकाशा आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात नावे पाठ करवून घेण्यापेक्षा प्रत्येकाने काचेबाहेरून आपले घर कुठे येते ते दाखवायचे. परळ-भायखळ्याची निम्मी मुले खाडीत किंवा दलदलीत राहायला निघतात! 1784 च्या सुमारास वरळीकडची खिंड बांध घालून बंद केली, आणि भरतीचे पाणी आत येणे थांबले, हे त्यानंतर एका वाक्यात पटते. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी का तुंबते, हे कुणी ना कुणी विचारतेच.

आणि मातीच्या प्रतिकृती. शेतकरी, कारागीर, नाना जातींची पागोटी, खेळ, पारशांच्या दोखम्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, प्रतिकृती. सेसिल बर्न्स जे. जे. चे प्राचार्य आणि या संग्रहालयाचे अभिरक्षकही होते, त्यामुळे कला महाविद्यालयाचा हात इथपर्यंत पोचला. इथे तुम्ही आम्हाला थांबवलेत त्याबद्दल विशेष आभार. या बाहुल्या गोड दिसतात, पण माणसाला जात आणि धंदा यांच्या चौकटीत बसवून मांडण्याची सरकारी नजर त्यांत आहे. 'हा कोळी' असे वाचून पुढे जाऊ नका; 'याला असा उभा कोणी केला, कोणाला दाखवायला?' असे विचारा, हे तुमचे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहे. त्याचबरोबर ज्या हातांनी पदराची एकेक चुणी काढली त्यांचे कौतुकही करायचे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

आता व्यवस्थेचे. बाहेरचा अर्धा तास सगळा वर्ग एकत्र. एरवी वरचा मजला आधी, पण आत 60 मुले असतील तर 20 च्या तीन तुकड्या: एक खाली, एक नकाशापाशी, एक बाहुल्यांपाशी, अर्ध्या तासाने सगळ्यांनी एकाच दिशेने सरकायचे. दिशा ठरवली नाही तर चढणारे आणि उतरणारे जिन्यात अडकतात आणि गोंगाट तिथेच सुरू होतो. पेन नको, पेन्सिल. शाई सांडली तर निघत नाही. पाठीवरची दप्तरे आत नकोत, कारण वळताना मूल स्वतःचा अंदाज घेते, दप्तराचा नाही. काचेवर स्वतःचेच प्रतिबिंब दिसत असेल तर समोरून न बघता जरा कडेला उभे राहायचे. फ्लॅश बंद. काचेवर टेकायचे नाही, टकटक करायची नाही: माती दमट हवेत ओल धरते, कोरडी पडली की आकसते, वरचा रंग सुटू लागतो, आणि अशा रंगाला छोटासा हादराही पुरतो. म्हणूनच जुलै-ऑगस्टात ओल्या छत्र्या आणि रेनकोट आत आणायचे नाहीत. मिंटनची फरशी ओली झाली की घसरते, हे वेगळेच.

प्रश्नपत्रिका पाचच प्रश्नांची, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर वस्तूजवळच्या पाटीवर नसलेले. पाटीवर उत्तर असले की मुले पाटी उतरवून घेतात आणि वस्तू पाहतच नाहीत. तुम्ही दिलेल्या नमुन्यातला चौथा प्रश्न, 'या दालनात कोण दिसत नाही?', मुलांना सर्वांत अवघड जातो आणि त्याच्यावरच सर्वांत जास्त लिहून येते. गिरणीकामगार, भंगारवाला, आमची आजी, अशी उत्तरे येतात. ती सगळी पाने आम्ही जपून ठेवली आहेत. पुढच्या वेळी येताना तुमच्यासाठी घेऊन येऊ.

तुमचा वेळ, तुमचा संयम आणि प्रत्येक 'का'ला दिलेले उत्तर, या सगळ्यासाठी ताई, मनापासून धन्यवाद.

आपले,
भायखळा, लालबाग आणि परळ भागातील शाळांचे इतिहास शिक्षक