पेटी पाठवून द्या

बदलापूर,
रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर बाबा म्हणतात "सगळं ठीक", मीही म्हणते "सगळं ठीक", मग मागून आई विचारते "जेवलीस का", आणि बोलणं तिथेच संपतं.

परवा बाबा दुकानात गेले होते तेव्हा आई म्हणाली, चिपळूणला मृग लागल्यापासून यांना झोप नाही. सर वाढली की उठतात, बॅटरी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत वाशिष्ठी नदीचं पाणी बघून येतात, आणि उरलेली रात्र मोबाइलवर धरणाच्या विसर्गाचे मेसेज वाचत बसतात. बाबा, आईने हे सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नका. मला कळायलाच हवं होतं.

आधी माझं सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचं सांगायला अवघड जाणार नाही. मार्चमध्ये ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. एका सकाळी गाडीत छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, श्वास पुरेना. मला वाटलं, हे हृदयाचंच. ठाण्याला उतरले, बाकावर बसले आणि यांना फोन केला. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, ताण फार साचलाय. तुम्ही काळजी कराल म्हणून कळवलं नाही. चुकलं माझं.

गोळ्या दिल्या नाहीत. झोप, रोज अर्धा तास चालणं आणि श्वास सावकाश सोडणं, एवढंच सांगितलं. ऐकताना मला ते फारच थोडं वाटलं होतं. पण कामी आलं ते तेच, आणि आलं तेही गाडीतच.

बदलापूरहूनच सुटणारी लोकल धरली तर बसायला मिळतं. सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर. या वेळात आमच्या लेडीज डब्यात काय काय चालतं ते आईला आवडेल. कुणी मेथी निवडतं, कुणी स्वेटरची बाही पुरी करतं, कुणी नुसतं खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटतं. त्या प्रसंगानंतर मी पहिल्यांदा गाडीत चढले तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. सहा वर्षं आम्ही एका डब्यात आहोत, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतला लसूण काढला, निम्मा माझ्या ओढणीत टाकला आणि म्हणाल्या, "सोल गं, मला उतरेपर्यंत व्हायला हवा." घाटकोपर येईपर्यंत पाव किलो लसूण सोलून झाला. ठाणं कधी गेलं ते मला समजलंच नाही.

आई, तेव्हा मला तुझे कुळीथ आठवले. बाबा कराडहून एसटीची रात्रीची फेरी घेऊन यायचे, पावसात कुंभार्ली घाटात कधी दरड यायची, कधी धुकं, आणि तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता. तू दिव्याखाली सूप घेऊन कुळीथ निवडत बसायचीस. मला लहानपणी वाटायचं, आपल्या घरी कुळीथ फारच खपतात. एकदा झोपमोड झाली तेव्हा पाहिलं, तू निवडलेले कुळीथ परत सुपात ओतून पहिल्यापासून निवडत होतीस. बाबांची पावलं वाजली तेव्हा कुठे सूप बाजूला ठेवलंस आणि चहा टाकलास. त्याला ताण म्हणतात हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण हातांना काम दिलं की डोकं फार लांब पळत नाही, हे तुला ठाऊक होतं.

आणि बाबा, तुम्ही ड्यूटीवरून आलात की ओट्यावर बसून पाय धुवायचात. तुम्ही स्वतःहून बोलेपर्यंत आईने आम्हाला ओट्यावर फिरकू दिलं नाही. मग कपडे बदलून तुम्ही पेटी काढायचात. गुरुवारी मंडळाची माणसं यायची, पखवाज यायचा, पण मला आठवतात ते बाकीचे दिवस, एकट्याचे. सुरुवातीला तुमचा भाता जोरात चालायचा, सूर घाईघाईत यायचे. अर्ध्या तासाने एकेक ओळ लांबत जायची. तेवढ्यावरून आई ओळखायची की आता पान वाढायला हरकत नाही.

हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मुद्दाम लिहिते. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी २३ धडधाकट माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले आणि त्यांचा श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके मोजले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचा १२ ते २० असतो. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाची गती त्या वेळी उतरते, शरीराची तशी रचनाच आहे. अभंगाची लांब ओळ एका श्वासात म्हणताना दुसरं काय होत असणार? आमच्या शेजारच्या पुरुषांच्या डब्यात टाळ घेऊन भजनी मंडळ बसतं. काहींना त्या आवाजाचा त्रास होतो, तेही मला पटतं. पण मी पत्र्यापलीकडून त्यांच्याबरोबर मनात ओळ धरते आणि संपेपर्यंत श्वास सोडत राहते. ऑफिसात पोहोचते तेव्हा हात गरम असतात.

एवढं सगळं लिहिलं ते पेटीसाठी. २००५ च्या पुराचं पाणी ओट्याच्या पायरीला लागून परत गेलं होतं, त्या भरवशावर २२ जुलै २०२१ ला तुम्ही पेटी खाटेवर ठेवलीत आणि आईला घेऊन वरच्या बिऱ्हाडात गेलात. खाट बुडाली. त्यानंतर तुम्ही गाळ उपसलात, भिंती रंगवल्यात, फ्रिज घेतलात. डेपो मॅनेजर रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगता. पण त्या दिवशी वरच्या जिन्यात उभं राहून पाणी चढताना बघत होतात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, हे आजवर एकदाही सांगितलं नाहीत. पेटी पुसून, चादरीत बांधून पोटमाळ्यावर टाकलीत. मंडळाचा निरोप आला की "गुडघे दुखतात" म्हणता. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ३१ वर्षं घाटातली गाडी चालवून आलेला माणूस ज्या एका गोष्टीने शांत व्हायचा, तीच आता घरात नाही. माझा जीव त्याच्यासाठी तुटतो.

मी दादरला एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, पुराची पेटी म्हणून सोडून देऊ नका. सूर पितळेचे असतात, काढून साफ करून पुन्हा लावता येतात. भाता नवा करावा लागेल, लाकूड फुगलं असेल तर पट्ट्या तासाव्या लागतील. पेटी बघितल्याशिवाय खर्च सांगणार नाही म्हणाला. तो मी करणार आहे, त्यावर बोलणं नको.

तोवर रात्रीचं एवढं करा. पावसाचे मेसेज मला येऊ देत, मी जागी असतेच, काही असलं तर मीच फोन करून उठवेन. आई, दहानंतर त्यांचा मोबाइल तुझ्या उशाशी ठेव आणि फोन आला की त्यांना हलव. झोप आली नाही तर दोघं मिळून शेंगा सोला, पत्ते खेळा, काहीही करा, फक्त अंधारात बॅटरी घेऊन बाहेर पडू नका. आणि याने भागत नसेल तर १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. एप्रिलमध्ये मी स्वतः लावला होता. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं, त्या रात्री मला झोप लागली.

शनिवारी यांच्या मित्राची गाडी चिपळूणहून परत यायची आहे, दुपारी तीनला ते घरी येतील. पेटी चादरीतून सोडू नका, वरून गोणपाट बांधा. भाता फाटलेला असला तरी आहे तसाच राहू द्या, त्याला माप घ्यायचं आहे. पांढरी चारवर तुम्ही कायम गायचात ना, तो सूर आधी लावायला सांगते. गणपतीत मी स्वतः घेऊन येईन.

आई, कुळीथ पाठव. निवडू नकोस, तसेच पाठव.

तुमची,
ताई