‘इप मॅन २’ला सरसकट सीक्वेलमध्ये ढकलू नका

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत वाचलं की सीक्वेल म्हणजे पहिल्या पिक्चरच्या नावावर परत गल्ला भरायचा धंदा. बऱ्याच पिक्चरना हे लागू पडतं, मान्य, पण त्या यादीत ‘इप मॅन २’ दिसला आणि राहवलं नाही. मी स्वतः विंग चुन शिकतो, म्हणजे पिक्चरमधला इप मॅन शिकवतो ती कुंग फूची पद्धत, तेव्हा थोडा पक्षपात होणार, तेवढा धरून चाला.

१९५० चं हाँगकाँग. चीनमधलं फोशान सोडून आलेल्या इप मॅनला (डॉनी येन) क्लास काढायचाय, तर तिथले मास्तर लोक म्हणतात आधी आमच्याशी लढून दाखव. गोल टेबल, भोवती उलटी ठेवलेली स्टुलं, आणि उदबत्ती संपेपर्यंत खाली पडायचं नाही. शेवटी समोर येतो हंग गार या दुसऱ्या कुंग फू पद्धतीचा मास्तर झालेला सॅमो हंग (पिक्चरच्या फाईट्स पण त्यानेच बसवल्यात). आता हंग गारमध्ये पाय चांगले फाकवून खाली बसतात, त्याला जागा लागते, उलट विंग चुनमध्ये उभं राहणं अरुंद, कोपर छातीपुढे, उभ्या मुठीचा ठोसा मधल्या रेषेवरून सरळ. टेबलावर पळायला जागाच नाही म्हटल्यावर हाताला हात लागणारच आणि तिथूनच आमचं खरं काम सुरू होतं. क्लासमध्ये आम्ही ची साओ नावाचा सराव करतो, दोघांचे हात मनगटापाशी चिकटलेले, सतत फिरत असतात, समोरच्याचा जोर जरा सैल पडला की आपला हात आत, आणि हे डोळ्यांनी बघून जमत नाही, बघेपर्यंत ठोसा बसलेला असतो. त्या सीनमध्ये डॉनी येनचे हात बघा, अडवणारा हातच पुढे जाऊन मारतो, मागे ओढून परत मारायची भानगड नाही.

मग येतो तो इंग्रज बॉक्सर आणि सगळा विचका. पहिल्या भागात जपानी जनरल, इथे हा, फॉर्म्युला तोच. मध्येच नियम बदलून लाथा बंद करतात ते एक सोडा, पण बॉक्सरला नुसता आरडाओरडा करणारा रेडा का केलाय? चांगल्या बॉक्सरचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आमचा हात चिकटायच्या आत परत गेलेला असतो, आम्हाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो, तो प्रश्न पिक्चर घेतच नाही. शिवाय ग्लोव्हशिवाय नुसत्या मुठीने डोक्यावर इतके ठोसे मारले तर मारणाऱ्याचीच बोटामागची हाडं जातील. खऱ्या इप मॅननी हाँगकाँगमध्ये शिकवायला सुरुवात केली ती हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये, कुठल्या बॉक्सरला हरवून नाही.

म्हणून बघताना ती शेवटची मॅच मी सरळ फॉरवर्ड करतो. आमच्या क्लासमधल्या पोरांना मात्र तीच आवडते आणि त्यावरून दर वेळी वाद होतो.

आपला,
एक विंग चुनवाला वाचक