ताई, दहा सेंटिमीटर पाण्याबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं, तर "बरं बरं, जेवलास का?" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. शिवाय डेट्रॉईटच्या आसपास नोकरीला आलेली आपली पोरं जरा पैसे साठले की सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतात आणि लगेच विचारायला लागतात, "इनटेक (इंजिनला हवा नेणारा पाइप आणि फिल्टर) कोणता बसवू?" त्यांनीही वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

माझी सायन एफआर-एस तुम्ही पाहिलीत तेव्हा ती कशी होती, ते आधी इतरांसाठी सांगतो. बऱ्याच देशांत जिला टोयोटा ८६ म्हणतात तीच ही गाडी. सुबारूचं दोन लिटरचं फ्लॅट-फोर (चार आडव्या सिलेंडरचं) इंजिन, टर्बो नाही, २०० हॉर्सपॉवर आणि तीही ७००० आरपीएमला. आधीच्या मालकाने कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून फेकला होता आणि त्या जागी जाडसर पाइप व उघडा कोन फिल्टर बसवला होता. आवाज दणदणीत. पण ट्रॅफिकमधून बाहेर पडताना पिकअप मेलेला, आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून हजर. कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. एका गॅरेजने आधी सेन्सर बदलायला लावला, मग ट्यूनिंग सुचवलं, मग हेडर, म्हणजे एक्झॉस्टचे नवे पाइप. बिलं वाढली, दिवा तसाच राहिला.

ऑफिसातल्या इंजिनियर मंडळींचं मत त्याहून सोपं होतं: आवाजासाठी पैसे घालवणारा माणूस अजून मोठा झालेला नाही.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "तुला ताकद हवीय की आवाज?" मी म्हटलं, दोन्ही. "मग दोन्हींचे हिशेब वेगळे मांड. ताकदीचा आज संपवू, आवाजाला वेळ लागेल." ज्या बाईंनी पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर नोकरीची सुरुवात केली आणि पुढे सगळी हयात गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजण्यात घालवली, त्यांना आवाजाची हौस ही हसण्याची गोष्ट वाटणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

ताकदीच्या हिशेबासाठी तुम्ही जे यंत्र आणलंत, ते बघून मी मनातून जरा खट्टू झालो होतो. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी, फळीवर यू आकारात ठोकलेली, शेजारी मोजपट्टी, आत पाणी. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात कोकमाच्या आगळाचे चार थेंब. एक टोक थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे इनटेकच्या पाइपात, दुसरं गाडीत मोकळं. भावोजी शेजारच्या सीटवर फळी मांडीवर धरून बसले. मोकळ्या ऑन-रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये मी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ते ओरडून आकडा सांगायचे आणि मागच्या सीटवर अवघडून बसलेल्या तुम्ही तो लिहून घ्यायचात. त्या गाडीची मागची सीट म्हणजे पिशव्या ठेवायची जागा. तिथे तुम्ही तक्रार न करता बसलात, याचे आभार वेगळे मानायला हवेत.

मग तुम्ही जे गणित सांगितलंत, ते मी आजवर दहा जणांना ऐकवलं असेल. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १०३३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. म्हणजे नळीत दहा सेंटिमीटरचा फरक दिसला तर इंजिनपर्यंत पोचणाऱ्या हवेचा दाब सुमारे एक टक्क्याने कमी झाला, आणि ढोबळमानाने ताकदही तेवढीच गेली. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीत दोन. उघड्या कोन फिल्टरने पाणी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर हललं. पुढे भंगारातून मूळ एअरबॉक्स मिळाला तेव्हा त्याचा आकडा पंधराच्या आसपास आला. म्हणजे सगळ्या जाहिराती, चकचकीत पाइप आणि "फ्री फ्लो"च्या गप्पा धरून या गाडीत फार तर एका टक्क्याचा मामला. मी विचारलं, पुढे स्कूप लावून वारा आत ढकलला तर? तुम्ही तिथेच पेन काढलंत. ताशी सत्तर मैलांना वाऱ्याचा सगळाच्या सगळा दाब पकडता आला तरी सहा सेंटिमीटर पाणी. "एक हॉर्सपॉवर. त्यासाठी बॉनेटला भोक पाडणार असशील तर पाड."

त्या एका टक्क्याच्या बदल्यात काय जात होतं, ते तापमानाने दाखवलं. कोन फिल्टर रेडिएटरच्या मागे, बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. गाडीच्या ओबीडी (दोष तपासायच्या) सॉकेटला लावलेल्या डोंगलवरून फोनवर आकडे दिसत होते: सिग्नलला उभं राहिलं की इनटेकमधली हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी गरम, कधी त्याहूनही जास्त. वीस अंशांनी हवेची घनता साधारण साडेसहा टक्के घटते. तुम्ही लगेच सावध केलंत की ताकद तेवढी जात नाही, सिलेंडरपर्यंत जाताना हवा नाहीतरी तापतेच, म्हणून फटका जवळपास निम्मा धरायचा. आणि गाडी पळायला लागली की तापमान उतरतंही. पण या इंजिनचं कॉम्प्रेशन १२.५ ला १, म्हणजे मिश्रण फार दाबलं जातं. गरम हवेत नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटण्याची) शक्यता दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद पडते. ट्रॅफिकमधला मेलेला पिकअप तो हाच.

आणि तो दिवा! हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरमध्ये एक तापलेली तार असते आणि तिच्यावरून जाणारी हवा तिला किती थंड करते, त्यावरून हवेचं वजन काढतात, एवढं मला माहीत होतं. पण तो सेन्सर एका ठरावीक व्यासाच्या नळीसाठी शिकवलेला असतो, हे कोणत्याच गॅरेजवाल्याने सांगितलं नव्हतं. नळी रुंद केली की तेवढीच हवा हळू वाहते, तारेला ती कमी वाटते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू भरपाई करत बसतो. ही भरपाई तुम्ही फोनवर दाखवलीत, दोन अंकी टक्क्यांत होती. ती मर्यादेबाहेर गेली की दिवा लागतो. म्हणजे सेन्सर खरं सांगत होता, नळीच चुकीची होती. नवीन सेन्सर बसवला तेव्हा त्या बिचाऱ्यानेही तेच सांगितलं.

मिशिगनमध्ये गाड्यांची उत्सर्जन तपासणी होत नाही, म्हणून असली गाडी वर्षानुवर्षं खपून जाते. कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरीचा नंबर नसलेला इनटेक स्मॉग टेस्टमध्येच अडकतो. तिकडच्या मित्रांनी विकत घेण्याआधी तो नंबर बघावा. पुण्याच्या मित्रांसाठी वेगळी सूचना: फिल्टर खाली बंपरच्या मागे नेणारे जे इनटेक मिळतात, ते जुलैत साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

मूळ एअरबॉक्स बसवला, त्याच्या झाकणाचं सील बदललं, साधा कोरडा कागदी फिल्टर टाकला. तेल लावलेला कापडी फिल्टर मी आणून ठेवला होता. त्यात तेल जास्त झालं तर ते तारेवर बसतं, म्हणून तुम्ही तो परत करायला लावलात. दिवा गेला, पिकअप आला. ताकदीचा हिशेब तिथे संपला. गाडी पूर्वीपेक्षा वेगवान झाली नाही, कारखान्यातून निघाली होती तशी झाली. ३५०० ते ४५०० आरपीएममधला टॉर्कचा (ओढीचा) खड्डा, ज्याबद्दल या गाडीचे सगळे मालक रडतात, तो आहे तिथेच आहे. तो इनटेकने भरत नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

पण गाडी मुकी झाली, आणि मी तोंड पाडून बसलो. इथून पुढचं जे तुम्ही केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र.

दुसरं कोणी असतं तर "झालं ना काम?" म्हणून हात झटकले असते. तुम्ही म्हणालात, आता आवाज. आणि आवाजाला ताकदीचं निमित्त लावायचं नाही. आवडतो म्हणून हवा, एवढं कारण पुरे. मग तुम्ही बीएमडब्ल्यूच्या २००३ सालच्या एम३ सीएसएलबद्दल सांगत बसलात. तिचा कार्बन फायबरचा एअरबॉक्स लोकांना आजही मुख्यतः त्यातून निघणाऱ्या गर्जनेसाठी हवा असतो. लेक्सस एलएफएच्या व्ही१० चा आवाज घडवायला यामाहाची माणसं बसली होती, हे सांगताना तुमचा चेहरा सवाई गंधर्वला पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासारखा झाला होता. माझ्याच गाडीत कंपनीने थ्रॉटल आणि फिल्टरच्या मधून एक नळी केबिनच्या भिंतीपर्यंत नेली आहे आणि मध्ये एक पडदा ठेवला आहे, जो हवेच्या ठोक्यांवर थरथरतो. ही नळी "खोटी" म्हणून काढून टाकायला सांगणारे पुष्कळ आहेत. तुमचं म्हणणं, ही इंजिनच्याच श्वासाची आहे, राहू दे. २०२२ च्या जीआर ८६ मध्ये तर आवाज स्पीकरमधून येतो. त्यावरचं तुमचं मत इथे लिहीत नाही, ती गाडी घेतलेले दोघेजण हे वाचतील.

आवाज वाढवणं सोपं निघालं. एअरबॉक्सकडे येणाऱ्या वाटेवरचा एक रेझोनेटर, म्हणजे आवाज दाबणारी पोकळ डबी, काढला की झालं. अडचण आली ती आय-९६ हायवेवर. सत्तर मैलांच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये ही गाडी बरोबर तीन हजार आरपीएमवर असते, आणि तिथे केबिनमध्ये असा एकसुरी घूंऽऽ घुमायचा की लॅन्सिंगला पोचेपर्यंत डोकं धरायचं. मी रेझोनेटर परत लावायला निघालो होतो. तुम्ही कागद घेतलात. तीन हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे, चार सिलेंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा श्वास घेतं, म्हणजे १०० हर्ट्झ. पाइपाला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडायची, तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश. लाट आत जाऊन परत येते ती नेमकी उलटी होऊन, आणि तो एकच सूर कापला जातो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबी येते ८६ सेंटिमीटर.

तुम्ही पेन खाली ठेवून केवढ्यांदा हसलात! गाडी ८६, सिलेंडरचा व्यास ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ८६ मिलिमीटर आणि आता ही नळीही ८६. मी तर भारावून करवत शोधायला उठलो. "थांब. बॉनेटखालची हवा पन्नास अंशांवर असेल, तिथे आवाज जास्त वेगाने जातो. नव्वद धर, आणि टोकाला सरकणारं बूच लाव." बूच सरकवत सरकवत जिथे घूं मेला, ती जागा नव्वदला एका बोटाने कमी होती.

रबरी नळी, क्लॅम्प, बूच. खर्च एका बऱ्या जेवणाइतका. या नळीचा पुढचा घाव ३०० हर्ट्झवर पडतो, म्हणजे त्या मुख्य सुराच्या हिशेबाने ९००० आरपीएमला, आणि हे इंजिन ७४०० ला थांबतं. म्हणून वरचा सगळा आवाज शाबूत. आता फ्रीवेवर फोनवर बोलता येतं, आणि पाच हजारांच्या पुढे ती जी काही गाते, ते ऐकायला मी उगाचच गिअर एक खाली टाकतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या व्ही८ गाड्यांच्या गर्दीत माझा दोन लिटरचा जीव कोणाला ऐकू जाणार नाही, पण मला ऐकू येतो.

ताई, तुम्ही माझे किती पैसे वाचवलेत हे मी मोजलेलं नाही. तुमचे शनिवार मात्र गेले, आणि त्यातला एक तरी नातवाच्या वाट्याचा होता, हे भावोजींनी नंतर सांगितलं. माझी हौस तुम्ही हौस म्हणूनच ठेवलीत, आणि तिच्यावर तेवढ्याच काटेकोरपणे काम केलंत जेवढं तुम्ही कंपनीच्या कामावर केलं असतं. हे माझ्यासाठी याआधी कोणी केलं नव्हतं. मनापासून आभार.

ती यू नळीची फळी अजून माझ्याकडेच आहे. अ‍ॅन आर्बरच्या एका मुलाच्या माझदा मियाटावर ती येत्या आठवड्यात लावतोय, त्याला पाइप विकत घेण्याआधी आकडा बघायचा आहे. त्यानंतर आणून देतो. आगळ संपला आहे, तेवढा थोडा काढून ठेवा.

तुमचा,
एफआर-एसवाला